अवसेची सही

अवसेला मशीनवरून लिंबू उतरवताना उदाचा वास आला की मला ती दुपार आठवते. आमच्या कारखान्यातलं बंद मशीन फक्त एका कोरियन इंजिनिअरलाच दुरुस्त करता येणार होतं. दुसऱ्या सकाळी त्याच्या देशातल्या भारतीय दूतावासात त्याची व्हिसाची मुलाखत होती आणि त्यासाठी लागणाऱ्या आमच्या हमीपत्रावर मालकांची सही नव्हती. दौऱ्यावरून नुकतेच परतलेले मालक म्हणाले, "आवसंला सही करत न्हाय मी." मी म्हटलं, "अण्णा, मुलाखत चुकली तर तो दुसरीकडं जाईल. मशीन कोण सुरू करणार?" तेवढ्यात प्रसाद घेऊन आलेल्या त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का, कडाडल्या, "दिवाळीला लक्ष्मी कुठल्या दिवशी पुजतोस रं?" अण्णांनी मुकाट्यानं सही केली. पत्र मी लगेच ईमेलनं पाठवलं आणि पोचल्याचं कळेपर्यंत जागेवरून उठले नाही. पुढं तो आला, मशीन सुरू झालं. आता अवसेला असा कागद सहीला आला की मी पहिला फोन आक्कांना करते.