अर्धं निळं, अर्धं पिवळं हॉटेल

कॉर्कजवळच्या कोव्ह या बंदरात मी आठवडाभर राहायला म्हणून गेले आणि हिवाळा संपेपर्यंत तिथेच राहिले. मी नागपूरची. बंदरापलीकडच्या एका औषधाच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर म्हणून मला नोकरी लागली होती. पहिल्या आठवड्याची सोय कंपनीने एका छोट्या हॉटेलात केली होती, त्यानंतर घर आपलं आपण शोधायचं होतं. आयर्लंडमध्ये भाड्याचं घर शोधणं हे काय प्रकरण आहे ते मला माहीत नव्हतं. कुठलंही घर बघायला जावं, तर दारापासून कोपऱ्यापर्यंत माणसं उभी. त्यात बहुतेकांकडे जुन्या घरमालकाची शिफारस, माझ्याकडे फक्त नवा कोट.

स्टेशनवरून बॅग ओढत मी चढाचा रस्ता चढले आणि हॉटेलसमोर येऊन थांबले. त्या रस्त्यावरची सगळीच घरं रंगीत होती, एक गुलाबी, एक हिरवं, एक विटकरी. पण माझं हॉटेल वरून निळं होतं आणि खालून पिवळं. दोन रंगांची हद्दही सरळ नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांखाली निळा रंग कुठे ओघळला होता, कुठे एका फटकाऱ्यातच थांबला होता. कुणीतरी चहा प्यायला खाली उतरलं असावं आणि परत वर गेलंच नसावं, असं वाटत होतं.

हॉटेल बहीण-भावाचं होतं. बहीण मोठी, साठी ओलांडलेली, उंच, सडपातळ, स्वयंपाकघर तिच्याकडे. भाऊ तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, गोलसर, सदा टोपी घातलेला. तो पुढचा काउंटर, सामान, गळके नळ आणि गप्पा सांभाळायचा. त्यांची आयरिश नावं फोनवर माझ्या आईला काही केल्या उच्चारता येईनात, तेव्हा तिनेच त्यांचं ताई आणि भाऊ करून टाकलं. मीही मनात तेच म्हणायला लागले.

पहिल्या सकाळी मी नाश्त्याला बसले. भाऊ चहाची किटली घेऊन आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "आतल्या बाईंना सांगशील का, की ब्रेड संपलाय?"

स्वयंपाकघराचं दार त्यांच्या हातापासून चार पावलांवर होतं. मला वाटलं, ही इथली पद्धत असेल. मी आत जाऊन सांगितलं. ताईंनी वळूनही न बघता ब्रेडची ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, बाहेरच्या गृहस्थांना सांग, ब्रेड संपण्याआधी सांगत जा.

मी तेही सांगितलं. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ही पद्धत नव्हती. ते एकमेकांशी बोलतच नव्हते. बाहेरून पाहुणा आला की तो निरोप्या व्हायचा, आणि तिथे मुक्काम ठोकून बसलेली पाहुणी मी एकटीच.

कारण भाऊंनीच सांगितलं, माझी बॅग जिन्यावरून नेताना. हॉटेल त्यांच्या आईवडिलांच्या काळापासून पिवळं. आई गेल्यावर भाऊंना वाटलं, आता बदल हवा. त्याच वर्षी वसंतात ताई मैत्रिणीकडे गॉलवेला गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी परांची बांधून घेतली आणि वरून निळा रंग द्यायला सुरुवात केली. ताई ठरल्यापेक्षा लवकर परतल्या. रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं आणि एकच वाक्य बोलल्या, की आईला विचारलं होतंस का. त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाऊ परांचीवरून उतरले ते उतरलेच. रंग तसाच राहिला, उन्हाळ्यात मोठ्या बोटीतून येणारे प्रवासी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि दोघंही आतून बघून न बघितल्यासारखं करायची.

आठवडा संपला तेव्हा माझ्या हाताला एकही घर लागलं नव्हतं. मी ताईंना विचारलं, आणखी थोडे दिवस चालेल का. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात खोल्या रिकाम्याच असतात, राहा, त्यात काय विचारायचं. मग जरा थांबून म्हणाल्या, "बाहेरच्या गृहस्थांनाही सांगून ठेव." भाऊंना सांगितलं तर त्यांनी टोपी सारखी केली. "ग्रँड," एवढंच म्हणाले. तिकडे कुठल्याही गोष्टीला होकार द्यायचा झाला की हा शब्द पुरतो.

अशी मी त्या घरातली झाले. सकाळी छोट्या फेरीबोटीने पलीकडे कामावर, संध्याकाळी परत. रात्रीचं जेवण तिथे मिळत नसे, पण ताई माझ्यासाठी काही ना काही झाकून ठेवू लागल्या. मी माझ्या डब्यातलं तिखट त्यावर भुरभुरायचे. एकदा त्यांनी चिमूटभर चाखलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या अंड्यावरही घ्यायला लागल्या. निरोप मी नेत-आणत राहिले. कधीकधी त्यातला धारदार शब्द मी वाटेत गाळायचे. ते दोघांनाही कळायचं, पण कुणी तक्रार केली नाही.

ताई रोज सकाळी समुद्रात पोहायच्या. खालच्या रस्त्याच्या टोकाला पाण्यात उतरत जाणारा एक दगडी उतार होता, बोटी ओढण्यासाठी केलेला. तिथे त्या जाड झगा आणि चहाचा थर्मास घेऊन जायच्या आणि लालबुंद होऊन परतायच्या. मी एकदा म्हटलं, आमच्या गावापासून कुठल्याही बाजूला चालायला लागलं तरी समुद्र लागत नाही, मी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेच नाही. पुढच्या रविवारी माझ्या दाराच्या कडीला एक काळा वेटसूट लटकत होता. त्यांच्या एका दूरच्या भाचीचा, जुना, रबरी, अंगात शिरताना घाम काढणारा.

त्या पाण्याचं पहिलं आठवतं ते म्हणजे श्वासच सापडेना. ताई शेजारी उभ्या राहून शांतपणे सांगत होत्या, श्वास सोड, घेणं आपोआप होईल. मी सोडला. खरंच आपोआप झालं. मग त्यांनी मला पाठीवर झोपवलं, पाठीखाली हात धरला आणि कान पाण्यात बुडव म्हणाल्या. कान बुडाले तसा सगळा आवाज बंद झाला. वर करडं आभाळ, एक सीगल, आणि मी पाण्यावर आडवी. मला हसू यायला लागलं आणि हसल्यावर मी बुडाले.

त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काऊन जाऊन राहिली तू त्या गार पाण्यात? तिथं आंघोळीला पाणी नाही का?" मी पुढच्या रविवारी परत गेले. तिसऱ्या रविवारी ताईंचा हात काढून घेतलेला मला कळलाच नाही.

एक गोष्ट माझ्या नजरेस पडत होती, पण तिचा अर्थ मी लावला नव्हता. आम्ही पाण्यात असलो की वर कठड्यापाशी भाऊ उभे असायचे. वर्तमानपत्र उघडून, वाऱ्यात ते फडफडत असताना. वाचायला ती काही जागा नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी वारा जास्त होता. ताई म्हणाल्या, आज लवकर बाहेर पडू. उतारावर शेवाळ होतं. त्या पुढे, मी मागे. लाट आली आणि त्यांचा पाय सटकला. कमरेएवढ्या पाण्यात त्या धपकन बसल्या, उठायला गेल्या तर घोट्याने दगा दिला, पुन्हा बसल्या. पुढची लाट त्यांना मागे ओढू लागली. मी त्यांचा दंड धरला, पण माझेच पाय टिकत नव्हते. घाबरून मी वर पाहिलं, तर कठड्यावर फक्त वर्तमानपत्र होतं आणि तेही उडून चाललं होतं.

भाऊ उतारावरून धावत आले. जाड कोट, विजार, कातडी बूट, डोक्यावर टोपी, सगळ्यासकट ते पाण्यात घुसले. एका हाताने ताईंना काखेतून उचललं, दुसऱ्याने मला कॉलरला धरलं आणि आम्हा दोघींना ओढत कोरड्या दगडापर्यंत आणलं. आम्ही तिघंही धापा टाकत बसलो.

मग भाऊ म्हणाले, "या वयात ही कसली हौस गं तुझी?"

ताईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "बूट तरी काढायचेस."

"वेळ कुठे होता?"

मी तिथे थंडीने दातावर दात वाजवत बसले होते आणि मला जाणवलं, यातलं कुठलंच वाक्य मला कुणी न्यायला सांगितलं नव्हतं. मी तोंड मिटून बसले. एखादा पक्षी खिडकीत बसावा आणि आपण हलू नये, तसं.

पण हलले असते तरी काही बिघडलं नसतं. वसंतापासून साठलेलं सगळं त्या चढावर बाहेर पडलं. भाऊंच्या खांद्यावर हात टाकून ताई लंगडत होत्या आणि दोघं भांडत होती. शेवाळ काढणं नगरपालिकेचं काम की आणखी कुणाचं, आई कुणावर जास्त माया करायची, गेल्या महिन्यात बॉयलर बिघडला तेव्हा पाहुणीकरवी निरोप पाठवणारा माणूस किती मूर्ख. बॉयलरचा तो निरोप मीच नेला होता. भाऊंच्या बुटांतून प्रत्येक पावलाला पाणी उडत होतं. हॉटेलात पोचल्यावरही भांडण थांबलं नाही, ते स्वयंपाकघरात गेलं. जेवणाच्या खोलीत दोन जर्मन पाहुणे नाश्त्याची वाट बघत होते. मी ओल्या केसांनीच त्यांना टोस्ट नेऊन दिले. त्यातल्या बाईने काळजीने विचारलं, आत काही वाईट घडलंय का. मी म्हटलं, नाही, उलट खूप चांगलं चाललंय.

घोटा मोडला नव्हता, मुरगळला होता. पुढचे दिवस ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय वर ठेवून बसल्या आणि भाऊ त्यांच्या हुकमाखाली अंडी करायला लागले. अंडी वाईट व्हायची. ताई ती खायच्या आणि नावं ठेवायच्या. मला निरोप द्यायला आता कुणी बोलवत नव्हतं, तरी मी सवयीने आत-बाहेर करत राहायचे.

रंगाचा विषय ताईंनीच काढला, चहा पिताना. म्हणाल्या, पाण्यात पाठीवर तरंगताना रोज हॉटेल दिसतं. निळा तिथून बरा दिसतो. आधीच सांगणार होते, पण कुणाजवळ सांगणार.

भाऊंनी कप खाली ठेवला. त्यांनी या महिन्यांत पुष्कळ विचार केला होता आणि त्यांना पिवळाच योग्य वाटायला लागला होता. आईने निवडलेला रंग, आपण हात लावायला नको होता, असं त्यांचं मत झालं होतं. ताई म्हणाल्या, आई गेली, तिने खोलीतले पडदेही निवडले होते, ते बदललेच ना. भाऊ म्हणाले, पडद्यांची गोष्ट वेगळी. आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघं पुन्हा भांडू लागली, फक्त या वेळी ताई निळ्याच्या बाजूने आणि भाऊ पिवळ्याच्या. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. मग त्या दोघांनाही ते कळलं. ताई हसताना आवाज करत नसत, फक्त खांदे हलायचे. त्या दिवशी बराच वेळ हलत होते.

शेवटी काहीच बदलायचं नाही असं ठरलं, फक्त नीट करायचं. पुढचा कोरडा शनिवार आला तशी परांची पुन्हा लागली. वर निळा, खाली पिवळा, आणि मधला वेडावाकडा ओघळ झाकायला एक रुंद पांढरा पट्टा. पट्टा रंगवायचं काम मला दिलं, कारण इंजिनियरला सरळ रेघ येत असणार. मला उंचीची भीती वाटते हे मी सांगितलं नाही. भाऊ एका बाजूला, मी एका बाजूला, आणि ताई खाली रस्त्यावर खुर्ची टाकून, थोडं डावीकडे, आता वर, आता बास, असं ओरडून सांगत. येणारेजाणारे थांबत होते. समोरच्या बेकरीवाल्याने केकचा तुकडा परांचीवर पोचवला. पट्टा काही अगदी सरळ आला नाही.

मार्चमध्ये मला घर मिळालं. पुढे नोकरी बदलली, लग्न झालं, आम्ही डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहायला गेलो, मुलगी झाली. पण दर उन्हाळ्यात चार दिवस आम्ही त्या हॉटेलात जातो. मुलगी आमचं मराठी ऐकते आणि भाऊंच्या कॉर्कच्या सुरात इंग्रजीत उत्तर देते, ते ऐकून भाऊ तिला हवं ते देतात.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून आई आली होती. तिलाही घेऊन गेलो. ताई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि मी मध्ये बोलायला जाणार तर आईनेच मला हाकललं. दारातून मला दिसत होतं. आई मराठीतून, ताई इंग्रजीतून, दोघीही आपापल्या भावांविषयी सांगत होत्या. माझ्या मामाने आईच्या लग्नात काय गोंधळ घातला, तो किस्सा चालू होता. आई हातवारे करत म्हणाली, "असा बसला होता रुसून, तोंड फुगवून, मांडवाच्या मागं." ताईंनी मान डोलावली, गाल फुगवून तसंच तोंड करून दाखवलं आणि बाहेर काउंटरवर बसलेल्या भाऊंकडे बोट केलं. आईला ते तिथल्या तिथे समजलं. मग दोघी इतक्या हसल्या की भाऊ उठून आत बघायला आले.