अण्णांची पाठ

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, कावळा शिवला नाही म्हणून काहीबाही कबूल करणं... यातलं मला काही पटत नाही. मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त नि लघवी तपासते, आणि आत्मा नावाचं काही अजून माझ्या तरी रिपोर्टवर आलेलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. त्यामुळे आज तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

माझे वडील, अण्णा, पैलवान होते. नाव सांगत नाही, सांगून तरी कुणाला आठवणार आहे? कुरुंदवाडजवळच्या खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत ते मंगळवार पेठेतल्या तालमीत आले आणि तिथलेच झाले. कान मोडून गोळा झालेले, मान खांद्यात रुतलेली. त्यांनी कित्येक मैदानं मारली, पुढे वस्ताद म्हणून दोन पिढ्या घडवल्या, आणि पोटासाठी साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. पण लोकांच्या तोंडी त्यांची एकच कुस्ती राहिली... हरलेली.

ती कुस्ती वडगावकडच्या एका गावच्या यात्रेतली. बक्षिसाला हुपरीच्या कारागिरांनी घडवलेली चांदीची गदा ठेवली होती. समोर होते रंगराव – हे नाव बदललेलं आहे, माणूस तोच. मातीतल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. रंगरावांनी अण्णांना खाली घेतलं तेव्हा अण्णा ब्रिजवर गेले. म्हणजे फक्त डोकं आणि टाचा मातीत, बाकी सगळं अंग कमान करून वर. पाठीखालून मांजर गेलं असतं, असं अण्णा सांगायचे. पंच मात्र पलीकडच्या बाजूला उभा होता. त्यानं हात वर केला आणि रंगरावांची माणसं आत घुसली.

आमच्याकडे कुस्ती झाली की हरलेल्याची पाठ बघतात, माती लागली आहे का ते. अण्णा त्या मैदानात एकेकासमोर जाऊन पाठ वळवून उभे राहिले. कुणी बघितली नाही. सगळे रंगरावांना खांद्यावर घेऊन गुलाल उधळत होते.

तिथून रंगराव चढत गेले. आधी पुढारी झाले, मग आमच्याच तालमीचे अध्यक्ष. तालमीत शिरलं की समोर त्यांचा गदा घेतलेला फोटो आहे आणि खाली लिहिलंय की अमक्या पैलवानाला चीतपट केले. तो अमका पैलवान रोज सकाळी त्याच फोटोखाली पोरांना जोर-बैठका घालायला लावायचा. मी एकदा म्हटलं, अण्णा, तो फोटो काढायला सांगा. तर म्हणाले, तालीम पोरांची हाय, फोटोची न्हाय. असा माणूस. मला त्यांचा रागच यायचा.

शेवटच्या आजारपणात मात्र ते एकच गोष्ट धरून बसले. सरकारी दवाखान्यात मी उशाशी बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "मेल्यावर मला मातीत उताणा टाकू नका. पाठ लागली म्हणून समद्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्ये खरं करू नका."

मी म्हटलं, नाही टाकणार. शब्द दिला. आई कधीच गेलेली, भाऊ नाही, म्हणजे तो शब्द पाळायचा तर मीच.

अण्णा पहाटे गेले. मी सही-शिक्क्यांत अडकले होते, म्हणून अँब्युलन्सबरोबर बाबूमामांना पुढे पाठवलं. बाबूमामा म्हणजे तालमीची देखभाल करणारे, अण्णांचे जुने जोडीदार. त्यांना बजावलं होतं, तालमीत बाहेरच्या कट्ट्यावर ठेवा, दर्शन होऊ दे, मग पंचगंगेवर नेऊ.

मी रिक्षातून उतरून आत गेले तर अण्णा हौद्यात. कुस्तीच्या त्या खड्ड्यात, मातीवर, उताणे.

अण्णांना मान द्यायचा म्हणून पोरांनी सकाळीच माती खणून, तेल-हळद-ताक घालून, दाताळ्यानं ओढून ठेवली होती. शेतातल्या सरींसारख्या बारीक रेघा उठल्या होत्या. त्यावर अण्णा, अंगात नवा पांढरा सदरा, डोक्याला फेटा. मी डोळ्यांनी बघितलं – अंगाच्या वजनानं माती दोन्ही कडेनं दबून वर आली होती. पाठ पूर्ण टेकलेली होती. हे वाक्य नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मी बाबूमामांवर ओरडले, उचला त्यांना. बाबूमामा बाजूला सरले. पुढे आले ते रंगराव. पांढरे कपडे, मागे चार माणसं.

"बाळ, वस्तादाला मातीत ठेवायचं न्हाय तर कुठं?" ते म्हणाले. "पैलवानाचा मान हाय त्यो."

पाया पडायची रांग दारातून रस्त्यावर गेली होती. मोबाइल वर झाले होते. कारखान्याच्या गेटवर ज्यांनी कधी अण्णांना रामराम घातला नाही तेही डोळे पुसत होते. चार बायांनी मला धरून बसवलं, म्हणाल्या, रडून घे. मी रडत नव्हते, मी चिडले होते. मेलेल्या माणसालाही यांनी चीत केलं, आणि वर मान म्हणतात. आमच्या गावात माणूस आडवा पडल्याशिवाय त्याला हार मिळत नाही.

दुपार व्हायला आली तशी उचलायची वेळ झाली. सहा जणांनी अण्णांना उचललं आणि कडेला तिरडीवर घ्यायला वळवलं. तेव्हा बाबूमामांचा हात सवयीनं अण्णांच्या पाठीवर गेला. कुस्ती संपल्यावर पाठ बघतात तसा. त्यांनी हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तळहात माझ्यासमोर धरला. कोरडा होता.

तालमीतली माती ज्यांच्या घरात धुतली गेली आहे त्यांना विचारा. तेलाची तांबडी माती कपड्याला नुसती चाटून गेली तरी डाग जात नाही. आणि इथे इतका वेळ ओल्या मातीवर पडलेला माणूस, सदरा दुकानातून आणल्यासारखा. फेट्याला मागून माती होती. टाचा मातीनं भरल्या होत्या. मधे काही नाही.

मी हौद्याकडे बघितलं. आमच्या तालमीत बाईनं हौद्यात पाय ठेवायचा नाही, पण मी उतरले, कुणी अडवलं नाही. वर डोक्याचा खोल खड्डा. खाली दोन टाचांचे, त्याहून खोल. मधल्या मातीत दाताळ्याच्या रेघा सरळ, एकही मोडलेली नाही. कडेनं दबून वर आलेली माती मी सकाळी पाहिली होती, तीही नाही.

मेल्यावर शरीर ताठतं, हे मला तुम्ही सांगू नका. ताठलेलं शरीर कमान करत नाही. आणि केलीच असती, तर पायाशी वाकणाऱ्या एवढ्या माणसांना दिसली नसती का? कुणी मधे उचललं म्हणावं तर मी समोरच बसले होते. डोळे मिटायचं भानही नव्हतं मला.

रंगराव वर हौद्याच्या कडेला, माझ्याजवळच येऊन उभे राहिले होते. ते मातीकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता. ते हळू बोलले, मला आणि बाबूमामांना ऐकू येईल एवढंच.

"न्हवती लागली. मला तवा बी ठावं हुतं."

मग ते खाली उतरले, कोपऱ्यातलं दाताळं घेतलं आणि स्वतःच्या हातानं ती माती ओढून सारखी केली. लोकांना वाटलं, काय हा मोठेपणा. त्याचे मात्र फोटो निघाले. मातीचा एकही नाही... माझाही मोबाइल पर्समध्ये राहिला.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. मला वाटलं होतं, आज रंगराव बोलतील. एकदाच, माइकवर, तेवढं पुरे होतं मला. अण्णांना हयातीत नाही मिळालं ते निदान आता. रंगराव उठले, अण्णांना भावासारखा म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "वडगावच्या मैदानात मी त्यास्नी अस्मान दाखवलं, पर असा दिलदार पैलवान पुन्हा हुनार न्हाय." टाळ्या पडल्या.

मी जागेवरून उठून विचारलं, त्या दिवशी हौद्यात तुम्ही काय म्हणालात ते सांगा. ते हसले. म्हणाले, पोरगी दुःखात हाय. माझ्या हातात पाण्याचा ग्लास आला आणि मला खाली बसवलं. बाबूमामा दोन खुर्च्या सोडून बसले होते. सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं, तुम्ही ऐकलंत ना?

"ऐकलं की," ते म्हणाले. "बघितलं बी. पर तालमीला नवी मॅट त्योच देनार हाय, अक्का. पोरं स्पर्धेला जायाची हायेत."

फोटो अजून तिथेच आहे. शेजारी अण्णांचा लावलाय, जरा लहान.

त्या दुपारी हौद्यात काय झालं याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. लॅबमधल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, तुम्ही थकला होता. कुरुंदवाडची काकू म्हणते, जीव अडकलाय, शांत करून घे, ती एक पूजा असते. मी तिला म्हटलं, काकू, मेलेल्या माणसानं त्याला जमलं ते केलं. जिवंत माणसांचं तोंड उघडायची पूजा कुठे करतात तेवढं सांग. ती अजून चौकशी करतेय.