पडद्यामागचा आवाज

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. दुकानदाराला सगळे मशीनकाका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला, ओघानेच, मशीनकाकू. शाळा सुटल्यापासून, म्हणजे माझी नोकरी संपल्यापासून, मी रोज तिथल्या स्टुलावर थोडा वेळ टेकतो.

काकांच्या धंद्यात कौतुक नावाची गोष्ट नसते. मशीन नीट चाललं की गिऱ्हाईक फिरकत नाही. परत आलं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. त्यामुळे दारात ओळखीचा चेहरा दिसला की काका आधी विचारतात, "काय झालं?"

मध्यंतरी त्यांच्या सुनेने त्यांच्या कामाचे व्हिडिओ काढून, जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. व्हिडिओत काकांचे हात तेवढे दिसत. काम संपत आलं की पडद्यामागून काकूंचा आवाज येई, "अहो, तेल घातलं का?" काका मुकाट्याने तेलाची कुपी उचलत. तेल घालायचं ते हमखास विसरत आणि काकू हमखास आठवण करत. लग्नापासून हे असंच चाललेलं.

व्हिडिओखाली लोक जे लिहीत ते सून वाचून दाखवी.

"'छान!' असं लिहिलंय, बाबा."

"बरं. आणि अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही. नुसतं छान."

"मग लिहिलं कशाला?"

एका बाईने लिहिलं होतं, दमून घरी आले की तुमचं काम बघत बसते, जिवाला बरं वाटतं. काकांनी विचारलं, "कुठलं मशीन आहे त्यांचं?" त्यांच्याकडे मशीनच नाही, हे कळल्यावर ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हीच सांगा, या बाईंचं मी काय करू?"

मग एकाने लिहिलं, 'मागे कोण बोलतंय?' हे मात्र काकांना समजलं. निदान तसं त्यांना वाटलं.

"अगं," त्यांनी पडद्याकडे तोंड करून सांगितलं, "काम चालू असताना बोलत जाऊ नकोस. तुझ्या आवाजाची तक्रार आलीय."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "कोणाची?"

"बघणाऱ्यांची."

"कुठले कोण ते! त्यांच्यासाठी मी माझ्याच घरात तोंडाला कुलूप लावू?"

"कुलूप कशाला? व्हिडिओपुरतं गप्प बस."

काकू गप्प बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून बहिणीकडे निघाल्या. "परत कधी, आई?" सुनेने विचारलं. "तक्रार मिटली की," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या व्हिडिओत कोणी बोललं नाही. आणि खाली लोकांची नुसती झुंबड उडाली. 'आज त्या बाई कुठे गेल्या?' 'त्यांच्याशिवाय मजा नाही.' 'काका, भांडलात की काय?'

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आधी आवाज येतो म्हणाले, आता येत नाही म्हणतात. एक काय ते ठरवा म्हणावं!"

"बाबा, ती तक्रार नव्हतीच," सून म्हणाली. "त्यांना आईंचा आवाज आवडला, म्हणून विचारलं कोण आहे ते."

"आवडला? ती तर तेलाचं विचारते!" काका माझ्याकडे बघू लागले. "मास्तर, इतकी वर्षं ऐकताय तुम्ही. आवडण्यासारखं काय आहे त्यात?"

मी विचार करून पाहिला. तो आवाज मी कधी वेगळा काढून ऐकलाच नव्हता. पण तो नसल्यापासून ती खोली दुसऱ्याच कोणाची वाटत होती, हे खरं.

काकांनी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. "काय सांगू तिला? तक्रार नव्हती म्हणून? मग मला गप्प कशाला केलं, असं विचारेल." पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. मागे चुलीवर त्यांनीच ठेवलेला चहा उतू गेला.

तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, मावशींच्या फोनवरून व्हिडिओखाली काहीतरी आलंय. 'तेल राहिलं', एवढंच."

काका उठले. व्हिडिओतलं मशीन अजून टेबलावरच होतं. चाक फिरवून पाहिलं, तर ते कोरडं कुरकुरलं.

"मावशींना काय कळतंय मशीनमधलं!" सून हसू दाबत म्हणाली.

काकांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. इतक्या लिखाणात ही एकच खरीखुरी तक्रार होती, आणि तक्रारीचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या पाटीकडे बोट केलं. "लिही. तक्रार असल्यास समक्ष यावे."

"एवढंच? थोडं गोड लिहा की, बाबा."

काकांनी बराच विचार केला. "'कृपया' घाल."

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर असताना काकू पिशवीसकट दारात उभ्या राहिल्या. काकांनी मान वर केली आणि सवयीने विचारलं, "काय झालं?"

"तेल," काकू म्हणाल्या.

काकांनी कुपी उचलली. मशीन त्यांनी अजून तसंच, कोरडंच ठेवलं होतं. काकू शेजारी उभ्या राहून थेंबन् थेंब पडेपर्यंत बघत राहिल्या, मग पडदा सारून आत गेल्या. सून फोन धरून उभी होतीच.

त्या व्हिडिओखाली पहिलं वाक्य आलं, 'आल्या एकदाच्या!' सुनेने ते मोठ्याने वाचलं.

"यांना का आनंद झालाय?" काकांनी मला हळूच विचारलं.

"अहो," आतून आवाज आला, "मास्तरांना चहा देताय का, की तेही राहिलं?"