मिस्टर पेल यांचं नाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं ठाऊक नाही — तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही, म्हणून कदाचित जमत असेल.

पण आधी नाण्यांचं सांगते. हो, टाळतेय. कळतंय मला.

साठच्या दशकाच्या शेवटी आम्ही इंग्लंडात, नॉटिंगहॅमला होतो. मी इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. लहानपणापासून मला एक खोड — कुठलीही जुनी वस्तू दिसली की ती कुठून आली, कुणाकुणाच्या हातांतून फिरली, याचा छडा लावायचा. इस्पितळाच्या औषध विभागातल्या मिस्टर पेल यांनाही तीच खोड. शनिवारी आम्ही दोघं बाजारात जुन्या नाण्यांचे ट्रे उपसत बसायचो. सोन्याचांदीच्या वाटेला जायची आमची ऐपत नव्हती. आम्ही शोधायचो जुनी अमेरिकन तांब्याची नाणी, आणि तीही झिजलेली, कारण तीच परवडायची. त्यातली काही तर इंग्लिश हाफपेनीसारखीच दिसत. दुकानदारही न बघता सगळी एकत्र टाकून द्यायचे. मला मोठं नवल वाटे — या अमेरिकनांनी इंग्लंडच्या राजाला हाकललं आणि नाण्यावर चेहरा मात्र त्याच्यासारखाच ठेवला! का बरं? सवयीनं? की बाजारात खपावं म्हणून? पेल म्हणायचे, राज्य बदललं तरी पाववाल्याला नाणं ओळखीचंच लागतं.

एका हिवाळ्यात त्यांना असं एक, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचं नाणं सापडलं. कित्येक वर्षं ते त्याच्या मागावर होते. ट्रेच्या तळाशी, काळपट, एका कडेला चेपलेलं. सालाचा शेवटचा आकडा तेवढा लागेना. माझे डोळे तरुण म्हणून त्यांनी ते आठवडाभर माझ्याकडे दिलं. घरी घेऊन जायला दिलं — समजतंय ना? हा माणूस आपलं पेनसुद्धा कुणाला देत नसे.

आणि तांब्याचा पहिला नियम त्यांनीच मला शिकवला होता. तांबं कधीही घासायचं नाही. तो तपकिरी रंग म्हणजे नाण्याची कातडी.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणायची. येताना त्यांनी देव आणले, ताम्हन-पळी आणली, आणि इथे मिळेल न मिळेल म्हणून मीठ लावलेल्या चिंचेचा गोळाही आणला. रोज सकाळी सिंकपाशी उभ्या राहून त्या ताम्हन घासायच्या. काळं पडलेलं तांबं बघता बघता लखलखायला लागायचं. मी चहा पीत ते बघत बसायची, आणि नाणं खिडकीत पडलेलं असायचं.

एवढ्याशा चिंचेनं काय होणार होतं? फक्त आकड्यापुरती. आत काय आहे ते बघायला नको का?

दुपारी आई वर झोपल्या होत्या. मी बोटावर चिंच घेतली. कड उजळली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला लहान मुलीसारखा आनंद झाला. मग एकच कड विचित्र दिसायला लागली, म्हणून सगळंच घासलं. आकडा काही आला नाही. जो पुसट दिसत होता तोही गेला. हातात राहिली एक गुलाबी, गुळगुळीत चकती.

शनिवारी पेल आले. मी काय केलं असेल?

मी सांगितलं, सासूबाईंनी घासलं. भांड्यांबरोबर. त्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय. इंग्रजीत सांगितलं, आणि आई समोरच चहाचा ट्रे घेऊन हसत उभ्या होत्या. किती सहज गेलं ते तोंडातून! सुनेनं सासूचं गाऱ्हाणं सांगितलं तर ते खोटं कुणाला वाटतं? पेल बराच वेळ नाण्याकडे बघत राहिले. मग आईंकडे वळून म्हणाले, "नेव्हर माइंड, डक." नॉटिंगहॅममध्ये मायेनं सगळ्यांनाच डक म्हणतात. नाणं त्यांनी माझ्याच हातात ठेवलं. परत नेलं नाही.

ते गेल्यावर आईंनी विचारलं, "काय गं झालं? त्यांचा चेहरा का उतरला?"

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो. पण मी म्हटलं, "अहो आई, ते नाणं खिडकीत होतं ना, तुमच्या हातून भांड्यांत घासलं गेलं." आधीच त्या कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधायच्या. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच म्हटलं.

त्यांनी खूप वेळ आठवून पाहिलं. "गेलं असेल बाई," म्हणाल्या. "मला तर काहीच आठवत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ताम्हन घासणं बंद. मी घासा म्हटलं तर म्हणाल्या, "नको गं, माझ्या हातांचा आता भरवसा नाही." पुण्याला परतल्यावर लोणची घालणंही त्यांनी माझ्या जावेवर सोपवलं. विलायतेत एका भल्या माणसाची वस्तू घालवली मी, असं येईल त्याला सांगायच्या. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख होतं त्यांचं. माझ्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनासुद्धा नाही.

पेल तसेच राहिले. शनिवार तसेच चालले. नाणं माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत ते पुन्हा तपकिरी झालंय. नवख्याला शंकाही यायची नाही. कधी कधी भिंगाखाली धरते आणि अजूनही आकडा शोधते.

पुढे आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी रजा घेऊन पुण्याला गेले. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. आपले हात पांघरुणावर पालथे ठेवून त्यांनी विचारलं, "त्या साहेबांनी मला माफ केलं असेल ना गं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "हो आई. केव्हाच."