डावा खांदा दुखत होता

“तुमची प्लीहा फाटली आहे,” डॉ. कांबळे म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. डाव्या बरगड्यांच्या आत एक उजळ अवयव दिसत होता आणि त्यात काळी भेग. इंग्रजीत याला स्प्लीन म्हणतात. रक्त गाळणारा, जंतूंशी लढणारा, मुठीएवढा अवयव. इतकी वर्षं पोटात राहिला, पण ओळख करून घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

मी धायरीत ब्लाउज शिवायचे क्लास घेते, त्यामुळे पहिला प्रश्न तोच सुचला. “शिवता नाही येणार?”

“ओल्या खव्याला टाका घालून बघा,” त्या म्हणाल्या. “भेग आपोआप भरली तर उत्तम. रक्त वाहतच राहिलं तर प्लीहा काढावी लागेल. तुम्ही निपचित पडून राहायचं. हलायचं नाही, चिडायचं नाही.”

चिडायचं नाही! जो फाडून गेला तो घरी आरामात चहा पीत असणार, आणि मी चिडायचं नाही.

त्या गृहस्थांचं नाव लिहीत नाही. वकिलांनी नको म्हटलंय, नाहीतर वर मथळ्यातच टाकलं असतं. मी स्वारगेटहून अस्तर आणि हुक घेऊन स्कूटरवर येत होते. धायरीच्या वळणावर हे महाशय मोटरसायकलवरून उलट्या बाजूने आले. थोडं पुढे जाऊन वळून येणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. धडक बसली, माझं हँडल फिरलं आणि त्याचं टोक माझ्या बरगड्यांखाली घुसलं. रक्ताचा थेंबही दिसला नाही. मी उठले आणि पुण्याच्या रीतीप्रमाणे आधी भांडले.

माणसं जमली. पाणी कोणी दिलं नाही, “मिटवा हो” मात्र सगळे म्हणाले. मग त्या गृहस्थांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. “ताई, एकदा बोलून टाका, काही लागलेलं नाही म्हणून. उद्या भानगड नको.”

“मला काही धाड भरलेली नाही,” मी कॅमेऱ्यात बघून ठणकावलं. “तुम्ही आधी रस्त्याची बाजू शिका!”

तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

घरी आले तर डावा खांदा दुखत होता. पडताना मुरगळला असेल म्हणून बाम चोळला. कापड बेतताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा माझ्या नवऱ्याने, सुधीरने, रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात आधी फास्ट सोनोग्राफी झाली. पोटात रक्त साचलंय का, एवढंच घाईने बघायची ही तपासणी. काहीच दिसलं नाही. सुधीर घरी निघायच्या तयारीत होता. डॉ. कांबळे, तिथल्या रेडिओलॉजिस्ट, मात्र माझ्या पोटावर उमटलेला हँडलचा गोल वळ बघत राहिल्या. “आत्ता दिसत नाही म्हणजे झालं नाही असं नसतं. थांबा,” म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली आणि प्लीहेच्या कडेला रक्ताची काळी पट्टी सापडली.

मग सीटी स्कॅन. शिरेतून काँट्रास्ट नावाचं औषध सोडतात. ते रक्ताबरोबर फिरतं, त्यामुळे धड भाग उजळतो आणि फाटलेला काळा राहतो. औषध जाताना अंग तापतं, तोंडात लोखंडासारखी चव येते. तुमच्यावर वेळ आली तर घाबरू नका, ते लगेच ओसरतं.

नंतर आयसीयू. सारखं रक्त काढायचे, हिमोग्लोबिन उतरतंय का बघायला. उतरलं की ऑपरेशन, हे मला पाठ झालं होतं. मी छताकडे बघत सूड रचायचे. त्या गृहस्थांना गळ्यात आवळणारा, काखेत काचणारा सदरा शिवायचा आणि गळ्यात पाटी घालून त्या वळणावर उभं करायचं. मशीन टुंग टुंग करायला लागलं की सिस्टर यायच्या. “मावशी, परत त्यांचाच विचार करताय ना?”

वॉर्डात हलवल्यावर ते स्वतःच आले, शहाळं घेऊन. पोलीस जबाब घ्यायला येणार होते, म्हणून आले. त्यांनी आल्या आल्या तो व्हिडिओ सुधीरच्या मोबाइलवर पाठवला. “बघा, ताई स्वतःच म्हणाल्यात.”

मला उठून बसायचं होतं. त्यांची अशी खरडपट्टी काढायची होती की शेजारच्या पेशंटलाही बरं वाटावं. पण भेग अजून ओली होती. दात आवळून पडून राहिले.

डॉ. कांबळे माझी सोनोग्राफी करायला आल्या होत्या. त्यांनी सुधीरचा मोबाइल घेतला, आवाज बंद केला आणि पुन्हा बघितलं. “यांचा हात बघा.”

मी कॅमेऱ्यात बघून तावातावाने बोलत होते आणि उजव्या हाताने सारखा डावा खांदा चोळत होते.

“प्लीहेतलं रक्त डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागतं. दुखतं मात्र खांद्यात, कारण नसा एकाच ठिकाणाहून येतात,” त्या म्हणाल्या. “तोंड काही का म्हणेना, रक्तस्राव तेव्हाच सुरू झाला असावा.”

गृहस्थ घाईघाईने स्वतःचा मोबाइल चाचपू लागले. मी अगदी हळू आवाजात म्हणाले, “पुसा की खुशाल. सुधीरकडे आहे.”

त्यांचा चेहरा बघून मला जे बरं वाटलं, ते कुठल्याच सलाईनने वाटलं नव्हतं.

जबाब दिला, व्हिडिओही दिला. पुढच्या सीटीत भेग भरत आलेली दिसली. प्लीहा वाचली. डॉ. कांबळे तेव्हा “थांबा” म्हणाल्या नसत्या तर मी घरी जाऊन पुन्हा बामच चोळला असता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुम्हीही, पोटाला मार बसला आणि डावा खांदा दुखला, तर रस्त्यावर शूरपणा करू नका. कोणी विचारलं तर “अजून माहीत नाही” म्हणा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

परवा गृहस्थ घरी आले होते. सुधीरने चहा दिला. “आता बऱ्या आहात ना? मग मिटवून टाका की, ताई. मनात काही ठेवू नका.”

मी मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. “एकदा बोलून टाका, उलट्या बाजूने आलो म्हणून. उद्या भानगड नको.”

ते कॅमेऱ्याकडे बघत बसले, मग चहा तसाच टाकून निघून गेले. तो व्हिडिओही मी जपून ठेवला आहे.