दारफाळणीचा सण

निळीचा वास आला की अजून डोकं तडकतं. आम्ही बेने इस्रायली ज्यू. दारफाळणीच्या सणाला दारं लावून दिवसभर कडक उपास करायचा आणि देवाकडे पापांची क्षमा मागायची. मी लहान असताना एका वर्षी सणाच्या आदल्या दिवशी बाबा आदिलाबादच्या आमच्या गल्लीत रिवाजाप्रमाणे घरोघर माफी मागत फिरले. "काऊन लाजवून राह्यले, गुरुजी?" शेजारीण म्हणाली. घरी आई त्यांचेच सणाचे पांढरे कपडे निळीत बुडवत होती, म्हणून उपासाआधीच्या जेवणाला उशीर झाला, तर बाबांनी तिच्या अंगावर तांब्या भिरकावला. दुसऱ्या दिवशी तेच कपडे घालून देवापुढे रडले. यंदा त्यांचा मला फोन आला, "काही चुकलं असेल तर माफ कर." मी म्हणाले, "आधी आईची मागा. ती स्वयंपाकघरातच आहे."