घुमणाऱ्या हॉलमधली धुरपदा

धुरपदा भीमेकाठच्या गावातून दर मंगळवारी दौंडला आमच्या रेल्वे कॉलनीत मेथी-कोथिंबीर विकायला यायची. घरी एक एकर भाजी आणि चाळीस मेंढरं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पाणी पिता पिता माझ्या टेबलावरचं काहीतरी वाचल्याशिवाय ती उठत नसे.

डिसेंबर २००३ मधल्या एका मंगळवारी तिथे डिक्शनरी उघडी होती.

"ह्यो एवढा लांब शब्द कशाचा, बाई?"

"रिव्हर्बरेट. आवाज भिंतींवर आपटून परत परत येत राहतो, तेव्हा वापरतात. भट्टीच्या छतावरून धग खाली परतते, तिलाही. आणि एखादी गोष्ट होऊन गेल्यावर तिचे परिणाम जाणवत राहतात, त्यालाही."

"म्हंजी घुमणं. आमच्या ग्रामसभेच्या हॉलात त्येच व्हतंय."

हॉल नवा होता. वर पत्रा, भिंती नुसत्या सिमेंटच्या. बागायतदार सोपानरावांनी मेंढरांची नदीवर जायची वाट तारेचं कुंपण घालून उसात घेतली होती. धुरपदा त्यावर दोन सभांत तावातावाने बोलली. ती जितकी ओरडली, तितका नुसता गलका झाला. ग्रामसेवकांनी दोन्ही वेळा लिहिलं, 'मुद्दा समजला नाही.'

मी विचारलं, "नदीच्या पलीकडे निरोप कसा देता गं तुम्ही?"

"एक शब्द टाकायचा. त्यो दरडीवर आपटून येतो. त्यो मरूस्तवर थांबायचं, मग दुसरा टाकायचा..." ती बोलता बोलता थांबली आणि टोपली घेऊन निघाली.

जानेवारीच्या सभेला तिने मलाही नेलं. म्हणाली, "तुमी तुमच्या वहीत लिवा. त्येंच्या वहीवर माजा इस्वास न्हाई."

ती उभी राहिली. "वाट." हॉल घुमला. ती थांबली. "मेंढरांची हाय." पुन्हा थांबली. "माज्या सासऱ्याच्या आदीपासनं."

"धुरपदे, दम लागला का? बस खाली," सोपानराव म्हणाले. सगळे हसले. हसणं पत्र्यावरून विरेपर्यंत ती उभीच होती.

"झालं हसून? भाऊसाहेब, लिवलं का?"

ग्रामसेवक म्हणाले, "लिहिलं."

"वाचा."

त्यांनी भरभर वाचलं. त्याचा गलका झाला.

"मी बोलले तसं वाचा."

त्यांनी थांबत थांबत वाचलं. या वेळी शेवटच्या रांगेतल्या बायकांनाही शब्द न् शब्द कळला.

"लिहून काय हुतंय? कुंपण तिथंच हाय," सोपानराव म्हणाले.

"व्हय. उद्या सकाळी सातला मी मेंढरं घेऊन तिथं येनार. तुमीबी या."

मी तिच्याकडेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीची माझी नोंद अशी: 'सात वाजून दहा मिनिटे. धुरपदाने कुंपणाचे दोन खांब उपटले. सोपानराव बांधावर उभे होते, ते बाजूला सरले. साडेसातला मेंढरे पाण्यावर.'